दाजी, तुमच्या गाडीला हँडब्रेक नव्हता

दाजी,

परवा रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर चार जण तुमच्याबद्दल बोलले आणि चौघेही खोटं बोलले. पहिला म्हणाला, पेठेतला इंजिनिअर गेला. तुम्ही सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, आणि आयुष्यात जी यंत्रं तुम्ही नीट चालवलीत त्यांत टाइपरायटरच्या पुढं मला काही आठवत नाही. दुसरा म्हणाला, विलायतेत जे कारखान्यात होतं ते यांनी मंगळवार पेठेतल्या बोळात करून दाखवलं. तिसरा नुसताच रडला, पण रडताना 'डिस्कब्रेक, डिस्कब्रेक' म्हणत होता. चौथ्याला तुमचं आडनावसुद्धा धड आठवेना, तरी तो दहा मिनिटं बोलला. घरी परतताना चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं, 'तंत्रमहर्षींना भावपूर्ण श्रद्धांजली.' महर्षी. मी तिथं उभा राहून दोनदा वाचलं आणि कुणी बघत नाही ना, हे पाहून मनातल्या मनात पुसलं.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचं ही रीत मला मान्य आहे. पण तुम्ही होता तेव्हा मी तुमच्याविषयी एकदाही चांगलं बोललो नाही. आता बोललो तर तुम्हालाच संशय येईल. मी तुमचा मेहुणा, आक्काचा भाऊ. तांत्रिक शाळेत वीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंगं शिकवतो. तुम्ही मला 'मास्तर' म्हणायचा आणि त्या शब्दात जेवढा तुच्छभाव भरता येईल तेवढा भरायचा. तेव्हा फिट्टंफाट. आता ऐका.

तुमचं हे तंत्रमहर्षीपण सुरू झालं ते एका म्हशीपासून, हे घाटावर कुणी सांगितलं नाही. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. तुम्ही ती निळी जुनी विलायती गाडी घेऊन नुकतंच एक वर्ष झालं होतं. पुराचं पाणी रस्त्यावर होतं, तुम्ही ऐटीत त्यातून गाडी काढलीत आणि तशीच गंगावेशीत आणलीत. ब्रेकचे मागचे ड्रम आतून ओलेचिंब. कट्ट्यावर धारोष्ण दूध घ्यायला लोक पेले घेऊन उभे, म्हशी ओळीनं बांधलेल्या. तुम्ही ब्रेक दाबलात, गाडी सावकाश पुढं सरकत गेली आणि एका म्हशीच्या मांडीला टेकली. म्हशीला काही झालं नाही. तिनं मान वळवून तुमच्याकडं बघितलं, एवढंच. पण गवळी पेला ठेवून उठला आणि म्हणाला, "पावणं, ही एवढी काळी म्हस दिसली न्हाय व्हय?" सगळा कट्टा हसला. मी तुमच्या शेजारी बसलो होतो आणि मीही हसलो. तुम्ही मात्र त्या दिवसापासून ड्रमब्रेक या वस्तूचे वैरी झालात. ड्रम वाळू द्यावेत, लायनर बदलावेत, दोन तासांचं काम होतं. ते करतील ते दाजी कसले.

तुमचं सगळं शिक्षण अर्ध्या पानाचं. रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी मासिकाचं फाटकं पान मिळालं, त्यावर डिस्कब्रेकचं चित्र होतं. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. पान मधोमध फाटलेलं. खालच्या अर्ध्यात काय लिहिलं होतं ते तुम्हाला मरेपर्यंत कळलं नाही आणि त्याची तुम्हाला गरजही वाटली नाही. मग भंगारवाल्याकडं एका मोडीत निघालेल्या परदेशी गाडीच्या डिस्का कॅलिपरांसकट सापडल्या. फक्त मागच्या. पुढची जोडी कुणीतरी आधीच नेली होती. मी तुम्हाला सांगितलं, दाजी, गाडी थांबताना सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, डिस्क लावायच्याच तर पुढं लावतात, मागं लावून निम्मासुद्धा उपयोग नाही. तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दाशब्दानिशी आठवतंय. "मास्तर, मिळाल्यात मागच्या, तर फुडं कशा लावू?"

आणि दुसरी गोष्ट मी त्याच वेळी सांगितली होती. तीही आठवतेय का बघा. हँडब्रेक मागच्या ड्रमच्या आत असतो. ड्रम काढले की हँडब्रेक जातो. या भंगारातल्या कॅलिपरांना हँडब्रेकची सोय होती, ती कुणीतरी आधीच काढून घेतलेली दिसत होती. मी बोट लावून रिकामी जागा दाखवली. तुम्ही बोटाकडं बघितलंसुद्धा नाही. "आदी गाडी थांबवायचं बघू की. उभी करायचं मागनं." असं म्हणून तुम्ही जॅक लावलात.

बोळात गाडी विटांवर चढली आणि पुढचे सहा रविवार ती तशीच होती. आपल्या गावात रस्त्यावर कुणी पाना हातात घेतला की आजूबाजूचे दहा जण हात मागं बांधून उभे राहतात, आणि दहाही जणांना त्यातलं सगळं कळत असतं. तुम्हाला तेच हवं होतं. चहा आत सांगायचा, सगळ्यांचं ऐकायचं आणि कुणाचंच करायचं नाही. मी एकटाच मापं घेत होतो, तर तुम्ही म्हणालात, "मास्तर, फुटपट्टी ठेवा. ह्यो लोखंडाचा कारभार हाय, वहीचा न्हाय."

कॅलिपर बसवायला मध्ये एक जाड तुकडा लागतो, ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या जागी. मी म्हटलं, पोलादी प्लेट कापून घेऊ. पण उद्यमनगरात तुमचा मित्र भट्टीवाला होता आणि कोल्हापूरकराला कुठलाही प्रश्न पडला की तो बिडात ओततो. तुम्ही दारं-खिडक्या करणाऱ्या सुताराकडून लाकडी नमुना करून घेतलात. एकच. त्यावरून दोन तुकडे ओतून आणलेत. डावा आणि उजवा हे एकमेकांचे उलटे असावे लागतात, हे सहावीच्या मुलाला हातमोजे घालताना कळतं. तुमच्याकडं दोन्ही डावे आले. मी हसलो, तुम्ही रागावलात, आणि उजव्या चाकाला तोच डावा तुकडा उलटा करून, कानस मारून, ठोकून बसवलात. बसला. तो दहा-अकरा वर्षं कसा टिकला याचं उत्तर माझ्या कुठल्याही पुस्तकात नाही, आणि त्याचा मला आजही राग आहे.

उलटा बसवल्यामुळं झालं असं, की कॅलिपरमधली हवा बाहेर काढायची बारीक नळी खाली आली. हवा वर जाते, नळी खाली. पेडल दाबलं की पाय उशीत गेल्यासारखा जायचा. तीन रविवार तुम्ही हवा काढत होता. आक्काला चालकाच्या जागेवर बसवलंत. घरात भात शिजत टाकून ती बाहेर येऊन बसायची, आणि तुम्ही चाकापाशी आडवे पडून ओरडायचा, "दाब… धर… सोड. अगं, धर म्हटल्यावर सोडायचं न्हाय." आक्का घामाघूम. शेजारणी खिडकीतून बघतायत. शेवटी मीच सांगितलं, कॅलिपर सोडवून हातात उलटा धरा, त्याच्या दोन पॅडांमध्ये लाकडाचा तुकडा घाला, मग दाबू द्या. तेवढं एक तुम्ही माझं ऐकलंत, कारण ते कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू मी सांगितलं होतं. पेडल कडक झालं. तुम्ही उठून, तेलकट हातानं मिशीला पीळ देऊन, जमलेल्या मंडळींना सांगितलंत, "युक्ती सुचली बघा." मी आत जाऊन हात धुतले.

पहिली फेरी पन्हाळ्याला. तुम्ही, आक्का, मी. चढताना ब्रेकचा प्रश्नच नव्हता, तरी तुम्ही दर वळणावर दाबून दाखवत होता. वर तीन दरवाजापाशी उताराला गाडी उभी केलीत, सवयीनं हँडब्रेकचा दांडा ओढलात. दांडा कडकड करत वर आला, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं; चाकांकडं जाणारी केबल तुम्हीच तांब्याच्या तारेनं वर बांधून ठेवली होती. तुम्ही उतरलात. मी उतरलो. आक्का मागं डबा सोडत होती. आणि गाडी मागं सरकायला लागली.

ते मी विसरणार नाही, दाजी. पुढच्या काचेतून मागं बसलेल्या आक्काचा चेहरा. ती ओरडली नाही, तिनं फक्त डबा पोटाशी धरला. मी बॉनेटला धरून पाय रोवले, आणि एक माणूस गाडी धरून ठेवू शकत नाही हे मला तिथं कळलं. तुम्ही दार उघडायला धावलात ते अडखळून पडलात. गाडी थांबली ती झुणका-भाकरी विकणाऱ्या एका बाईमुळं. तिनं चुलीचा तिसरा दगड पायानंच ढकलून चाकामागं सारला. तवा कलंडला, भाकरी मातीत गेली. गाडी दगडावर टेकून उभी राहिली. बाई कमरेवर हात ठेवून तुम्हाला म्हणाली, "पावणं, गाडीला दावं बांधा की." तुम्ही भाकरीचे पैसे देऊ केलेत. ती म्हणाली, "पैसं ऱ्हाऊद्यात. त्यो दगूड तेवढा घिऊन जावा, तुमास्नी लागंल."

तो दगड घरी आला.

इथून पुढची हकीकत तुमच्या भक्तांना माहीत आहे, पण ती त्यांनी घाटावर सांगितली नाही. त्या दिवसापासून तुमची गाडी जिथं जाईल तिथं एक ठरलेला विधी झाला. गाडी थांबायची. तुम्ही पेडलवर पाय दाबून आत बसायचा. आक्का पायाशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेला दगड उचलून उतरायची, साडी सावरत मागं जायची, चाकामागं दगड लावायची आणि म्हणायची, "हं." मग तुम्ही पाय उचलायचा. निघताना उलटं. आधी तुम्ही पाय दाबायचा, मग तिनं दगड काढायचा, बसायचं आणि "हं" म्हणायचं. कुणी म्हणेल, गिअरमध्ये टाकून उभी करावी. तुमच्या गाडीचा गिअर उतारावर आपोआप सुटायचा, तेही तुमच्याच दुरुस्तीमुळं. महाद्वार रोडवर, लग्नघरी, दवाखान्यापुढं, हळदीकुंकवाला जाताना. अंगावर जरीची साडी आणि हातात काजळी धरलेला चुलीचा धोंडा. हेडक्लार्कची बायको. आमच्या हातकणंगल्याच्या घरी जिला आम्ही दोघा भावांनी कधी पाण्याची घागर उचलू दिली नाही, ती माझी बहीण.

एकटे जाताना काय करायचा, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "एकटा जात न्हाय." हे खरं होतं. ऑफिसला तुम्ही सायकलनं जायचा.

मी तुम्हाला सोडवायला बसलो होतो असं समजू नका, मी आक्काला सोडवायला बसलो होतो. त्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस शाळेतून येऊन मी रोज ड्रॉइंग बोर्डावर बसलो. डिस्कला बाजूनं चिमटा घेणारी एक छोटी यांत्रिक जबडी काढली, जुन्याच केबलवर चालणारी. तेल नको, नवीन काही नको. समोरून, वरून, बाजूनं. डावी वेगळी, उजवी वेगळी. काळ्या शाईत, एकेक माप लिहून. मी आजवर काढलेलं ते सगळ्यात चांगलं ड्रॉइंग आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. भाऊबीजेला आक्कानं ओवाळलं तेव्हा मी तो कागद गुंडाळून, लाल दोरी बांधून, तिच्या तबकात ओवाळणी म्हणून घातला. तिनं उलगडून बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "किती बारीक काम केलायस रे सुधा." आणि तुमच्याकडं दिला.

तुम्हीही बराच वेळ बघितलात. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मापं घेताय, असं तुमच्या शेजाऱ्यानं मला सांगितलंसुद्धा. आणि आठवड्यानं मी गेलो तर कागद कपाटाच्या फळीवर अंथरलेला, त्यावर बरण्या. मी विचारलं, तर तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, "कागद चांगला हाय मास्तर. शाई फुटत न्हाय."

मी त्या दिवशी जो उठलो तो तुमच्याशी त्यानंतर नीट बोललो नाही. वर्षातून एकदा भाऊबीजेला यायचो, "काय दाजी", "काय मास्तर", संपलं. मध्ये दर वर्षी मी एकदा विषय काढायचो, तुम्ही एकदा टाळायचा. कधी म्हणायचा, वेळ नाही. कधी म्हणायचा, भट्टी बंद आहे. एकदा म्हणालात, "हाय हे बरं चाललंय की." मी म्हटलं, कुणाचं बरं चाललंय? तुम्ही आक्काला चहा सांगितलात.

एक कबूल करतो, कारण न करणं नीचपणा होईल. आमच्या वडिलांना हातकणंगल्यात छातीत कळ आली तेव्हा तार नाही, फोन नाही, कुणीतरी एसटीच्या कंडक्टरकडं निरोप दिला. तो तुम्हाला मिळाल्यापासून पाऊण तासात तुम्ही दारात होता. वाटेत बाजाराचा दिवस, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर. मी मागं वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तुम्ही किती वेळा थांबलात, किती वेळा निघालात, वडिलांना एक धक्का जाणवला नाही. ते नंतर पाच वर्षं जगले आणि पाचही वर्षं मला म्हणत होते, जावई गाडी छान चालवतो. दवाखान्यापुढं थांबलो तेव्हा मी वडिलांना उचलत होतो आणि आक्का दगड लावत होती. तेवढ्यातही मला तुमचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. आभार मात्र मी मानले नाहीत. ते आता मानतो. उशीर झाला हे मला कळतं.

आता हुपरीचं.

आमच्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. हुपरीत म्हणजे चांदीवाल्यांचं गाव, मांडवात निम्मी माणसं पैंजणांचे कारागीर, बारीक नजरेची. मांडवासमोरचा रस्ता जरा उताराचा. तुमची निळी गाडी आली, थांबली. पंगत बसली होती, मी वाढप्यांपाशी उभा होतो. आक्का पैठणी सावरत दगड घेऊन उतरली. आमच्याकडच्या दोन बायका एकमेकींना कोपर लावून हसल्या. आणि माझं डोकं फिरलं. मी मांडवाच्या तोंडाशी येऊन मोठ्यानं म्हटलं, "या, या. बघा मंडळी, आमच्या दाजींनी विलायती ब्रेक बसवलाय. मागं डिस्क आणि हँडब्रेक म्हणून आमची आक्का." सगळा मांडव हसला. पंगतीतला एक म्हातारा हसताना ठसकला. तुम्ही आत बसला होता, पाय पेडलवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, काच खाली. सगळं ऐकलंत. आक्का वाकली, दगड लावला, "हं" म्हणाली. तुम्ही उतरलात, सदरा नीट केलात, माझ्यापाशी आलात आणि म्हणालात, "मास्तर, जेवलासा काय?"

मला वाटलं, किती निगरगट्ट माणूस. मी तेच सगळ्यांना सांगितलं. घरी बायकोला सांगितलं, शाळेत सांगितलं, वडिलांना सांगितलं. या माणसाला स्वतःची लाज नाही आणि बायकोची किंमत नाही, असं मी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हासुद्धा, सांगतो तुम्हाला, रडू यायच्या आधी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता आक्काला दगड उचलावा लागणार नाही.

म्हणून काल मी गेलो. ड्रॉइंगची जुनी ट्रेसिंग प्रत माझ्याकडं होती, ती घेतली. तुमची मुलगी आता गाडी चालवायला शिकणार आहे. तिच्या हाती अशी गाडी देता येणार नाही. आक्का मागच्या दारी बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी काम सुरू करतो, दोन आठवड्यांत हँडब्रेक बसेल. जे दाजींनी जन्मभर केलं नाही ते निदान आता होऊ दे.

ती म्हणाली, "ह्येंनी केलं न्हाय असं न्हाय रे. ह्ये करणार हुते. तुजा कागद बघून दुसऱ्याच दिशी मापं घेतली. उद्यमनगरात सांगून पण आलते. मीच नको म्हटलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, का?

आक्कानं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "लगीन होऊन सव्वीस वर्सं झाली. भाजी कुटली आणायची हे ह्येंनी ठरवलं. साडी कुटली, म्हायेरला कवा जायाचं, पोरीला कॉलेजात घालायचं का न्हाय, सगळं ह्येंनी. मी काय बोलले तर ऐकायचे, आणि मग आपल्या मनाचं करायचे. पण मी मागं जाऊन हं म्हटल्याबिगर ह्येंनी पाय उचलला न्हाय. कदीच न्हाय. एकदा महाद्वारात मी मुद्दाम बोललेच न्हाय. दगड लावला, आणि शाळेतली मैत्रीण भेटली तिच्याशी बोलत बसले. अर्धा तास. ह्ये आत पाय दाबून बसलेले. हाक मारली न्हाय, हॉर्न मारला न्हाय. घरी आल्यावर पायाला गोळा आलता, तेल लावून दिलं."

मी म्हटलं, मग मला सांगायचं होतंस. हुपरीत मी एवढं बोललो तेव्हा तरी सांगायचं.

"सांगणार हुते. वाटेत म्हटलं ह्येंना, सुधाला सांगून टाकते. तर म्हणाले, नको. तुज्या हट्टापायी हाय म्हटलं तर लोक तुला हसतील. मला हसू देत, मला काय हुतंय." तिनं आणखी एक खडा काढून टाकला. "आणि म्हणाले, मास्तरचं ड्रॉइंग लई चांगलं हाय, त्येला वाटेल ते चांगलं न्हाय म्हणून केलं न्हाय. तसं वाटू देऊ नगंस."

तिनं सूप पाखडलं, तांदूळ पातेल्यात ओतले आणि मला चहा हवा का विचारलं. मी नको म्हटलं.

दाजी, मला अजूनही वाटतं की तुम्हाला गाडीतलं काही कळत नव्हतं. डिस्का पुढं लावायला हव्या होत्या. बीड वापरायला नको होतं. हँडब्रेकाशिवाय गाडी रस्त्यावर आणणारा माणूस मूर्ख असतो, हे मी उद्या वर्गातही सांगेन, आणि घाटावरच्या त्या चौघांना भेटलो तर त्यांनाही सांगेन. तुमच्या मुलीसाठी मी ती जबडी बसवणारच आहे. आक्का शेवटी हो म्हणाली, मुलीचं निराळं आहे म्हणाली. पण तुमच्याजवळ एक वाक्य होतं, ज्यानं तुम्ही मला दर भाऊबीजेला गप्प करू शकला असता, आणि ते तुम्ही सगळी वर्षं गिळून बसलात. माझ्यासारख्या माणसासमोर. मी एवढी मापं घेतली, एवढे कोन काढले, आक्काच्या सुटकेसाठी पंधरा दिवस बोर्डावर वाकलो, आणि तिला हवं काय हे एकदाही तिला विचारलं नाही. तुम्हाला मात्र तिनं नको म्हटलं आणि तुम्ही थांबलात.

हुपरीत जे बोललो ते भर मांडवात बोललो होतो, म्हणून हेही चार लोकांत लिहितोय. त्या दिवशी पंगतीत हसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी एवढं समजून घ्यावं, की हसण्याजोगा माणूस त्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी उभा होता, मोठ्यानं बोलत होता, आणि नंतर त्यानं दोनदा जिलेबी वाढून घेतली.

तुमचा मेहुणा,
सुधाकर